परसातील गादीवाफ्यांवरचा भाजीपाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या मागे किंवा बाजूला असलेल्या दोन-तीनशे चौरस फूट जागेत गादीवाफे करून घरापुरती भाजी पिकवू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माझी बाग चिपळूणजवळ लाल मातीत आहे आणि तिला चार महिने मुसळधार पाऊस सोसावा लागतो. माझ्या धाकट्या बहिणीची बाग बार्शीला काळ्या मातीत आहे आणि तिथे मार्चपासूनच पाणी जपून वापरावे लागते. एकाच मापाचा वाफा या दोन्ही ठिकाणी चालत नाही, हे आम्हा दोघींना बरीच रोपे गमावल्यावर कळले, म्हणून जिथे फरक पडतो तिथे कोकणाचे आणि देशाचे वेगळे सांगितले आहे.

गादीवाफा म्हणजे नेमके काय, आणि त्याचा फायदा काय?

आले, हळद आणि कांद्याची रोपे आपले शेतकरी पूर्वीपासून गादीवाफ्यावरच करत आले आहेत. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच उचललेला, वरून सपाट आणि मोकळ्या, भुसभुशीत मातीचा पट्टा म्हणजे गादीवाफा. परसात त्याला चिरे, विटा किंवा दगड यांची कड दिली की माती वाहून जात नाही आणि वाफा वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो.

त्याचा सर्वांत मोठा फायदा मुळांना हवा मिळण्याचा आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो आणि वर पाणी असूनही रोप मलूल होते. पोकळ्यांत काही पाणी आणि काही हवा अशी जी स्थिती असते तिला शेतकरी वाफसा म्हणतात. गादीवाफ्यावर जोराची सर येऊन गेल्यावर काही तासांत किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वाफसा येतो, आणि त्याच बागेतल्या सपाट जमिनीवर तो आठ दिवसही येत नाही. दुसरा फायदा असा की वाफ्यावर कोणी पाय देत नाही, त्यामुळे एकदा मोकळी केलेली माती मोकळीच राहते आणि दरवर्षी खणण्याचे कष्ट वाचतात. मात्र त्यासाठी घरातल्या सर्वांनी, मुलांनीसुद्धा, वाफ्यावर पाय न ठेवण्याचा नियम पाळला पाहिजे.

वाफ्याची उंची किती ठेवावी?

हे पाऊस आणि पाणी पाहून ठरवावे. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा जिथे पावसाळ्यात अंगणात पाणी तुंबते अशा ठिकाणी एक ते दीड फूट उंची योग्य ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो; तेवढे पाणी वाहून जायला वाट हवीच. सोलापूरच्या बाजूला वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे सहा ते नऊ इंच उंची पुरते.

बहिणीने पहिल्या वर्षी माझ्या बागेची मापे जशीच्या तशी उचलून बार्शीला फेब्रुवारीत दीड फूट उंचीचे वाफे केले. एप्रिलमध्ये तिला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागत होते आणि तरीही दुपारी वांग्याची पाने मलूल होऊन लोंबत होती, कारण उंच वाफा वरून तर वाळतोच, पण उन्हाने तापलेल्या चारही कडांमधूनही वाळतो. आता ती पावसाळ्यापुरते सहा इंचांचे वाफे ठेवते आणि उन्हाळी भाजी जमिनीच्या पातळीपेक्षा चार इंच खोल केलेल्या वाफ्यात लावते, म्हणजे दिलेले पाणी तिथेच मुरते. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की उन्हाळ्यासाठी उंच वाफा करू नये.

लांबी, रुंदी आणि दिशा कशी असावी?

लांबी जागेप्रमाणे घ्यावी. रुंदी मात्र आपल्या हाताच्या पोचेवर ठरते. कडेला उकिडवे बसून हात वाफ्याच्या मध्यापर्यंत सहज गेला पाहिजे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी वाट असेल तर तीन ते साडेतीन फूट आणि वाफा भिंतीला लागून असेल तर दोन फूट रुंदी पुरे. दोन वाफ्यांमधली वाट दीड ते दोन फूट ठेवावी. ती निरुपयोगी जागा वाटते खरी, पण पावसाळ्यात तीच पाण्याची चर होते आणि घमेले घेऊन चालायला तेवढी जागा लागतेच.

फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर चार तासांवरही येतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते, म्हणून वेलांचा मांडव किंवा उंच वाढणारी तूर बागेच्या उत्तर बाजूला असावी. वाफ्याची जागा निवडण्याआधी एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता सावली कुठपर्यंत येते ते खडूने किंवा खुंट्या रोवून खुणावून ठेवावे.

कडेसाठी काय वापरावे?

कोकणात जांभ्याचे चिरे सहज मिळतात आणि जुन्या गडग्याचे निघालेले चिरे तर फुकटही मिळून जातात. ते सिमेंटने सांधू नयेत; नुसते एकमेकांना लावून बसवले की सांध्यांमधून पाणी निघून जाते. देशावर दगड, जुन्या भाजक्या विटा किंवा उभी पुरलेली शहाबादी फरशी चालते. लाकूड वापरायचे असेल तर वाळवी लागणार हे गृहीत धरावे. कीड लागू नये म्हणून क्रिओसोट तेल पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर किंवा जुना रंग लावलेली लाकडे खाण्याच्या भाजीजवळ आणू नयेत. छपराचे तुटलेले जुने सिमेंटचे पत्रे अनेक घरांत पडून असतात आणि ते उभे पुरून कड करण्याचा मोह होतो, परंतु अशा बहुतेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि ते कापताना किंवा फोडताना उडणारे तंतू फुप्फुसांना घातक असतात. कृपया ते टाळावेत.

वाफ्यात काय भरावे, आणि किती लागते?

प्रथम वाफ्याच्या तळाची जमीन कुदळीने वीतभर खणून मोकळी करावी. तळाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरू नये, कारण मुळांना खाली जाता आले पाहिजे आणि गांडुळांना वर येता आले पाहिजे. त्यावर भरायचे मिश्रण मी साधारण असे घेते : दोन भाग परसातली चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग माती हलकी ठेवणारी वस्तू. शेवटच्या भागात भाताचे तूस, धुतलेला नारळाचा भुसा किंवा अर्धवट कुजलेला पालापाचोळा यांतले जे जवळ मिळेल ते घ्यावे. नारळाच्या भुशात, म्हणजेच कोकोपीटमध्ये, क्षार असतात. तो दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळून घ्यावा.

किती लागेल याचा अंदाज नेहमी कमी पडतो, म्हणून हिशेब मांडून देते. दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक फूट उंच वाफ्यात ३० घनफूट म्हणजे सुमारे ८५० लिटर मिश्रण मावते. आमच्या घमेल्यात काठोकाठ १२ लिटर पाणी बसते, हे मी बादलीने मोजून पाहिले आहे. त्या मापाने एका वाफ्याला ७० घमेली लागली. त्यातली ३५ मातीची, १७-१८ खताची आणि तेवढीच तुसाची. पहिल्या पावसाळ्यानंतर वाफा तीन-चार इंच खाली बसतो. त्यात काही चुकले आहे असे नाही. दर हंगामाला वरून दोन इंच कंपोस्ट घालून ती तूट भरून काढायची असते.

वाफा दीड फुटाचा असेल तर तळाच्या चार-पाच इंचांत वाळक्या फांद्या, झावळ्यांचे तुकडे, नारळाची सोडणे घालता येतात. ती सावकाश कुजतात, पाणी धरून ठेवतात आणि तेवढी माती वाचते. पण ताजा लाकडाचा भुसा मातीत मिसळू नये. तो कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी वापरतात आणि रोपे महिना-दीड महिना पिवळी राहतात. कुंपणाला गिरिपुष्प असेल तर ते मोठेच धन आहे, कारण त्याचा कोवळा पाला नत्राने समृद्ध असतो आणि छाटून थेट वाफ्यावर अंथरता येतो.

शेणखत पूर्ण कुजले आहे हे कसे ओळखावे?

मूठभर खत हातात घेऊन पाहावे. कुजलेले खत गडद तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखे सुटे आणि पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचे असते. त्यात शेणाची ढेकळे किंवा काडीचा मूळ आकार ओळखू येत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घातल्यावर ऊब लागली तर ते अजून कुजते आहे असे समजावे.

हे मी इतक्या बारकाईने सांगते याचे कारण आहे. चार वर्षांपूर्वी मी घाईत एका ओळखीच्या माणसाकडून टेम्पोभर खत घेतले आणि न तपासता दोन वाफ्यांत मिसळले. दीड महिन्यानंतर वांग्याची चांगली हातभर वाढलेली रोपे एकेक करून माना टाकू लागली. त्यातले एक धरून उचलले तर ते अलगद हातात आले, कारण त्याला खाली मुळेच उरली नव्हती. खड्ड्यात बोटाएवढी जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची आणि अर्धचंद्रासारखी वळलेली अळी होती. ती हुमणी, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तिची अंडी-अळ्या येतात. त्या दोन वाफ्यांतली सगळी माती उपसून, उन्हात पसरून, कोंबड्यांपुढे टाकावी लागली. तेव्हापासून मी खत डिसेंबरात आणते, ओलसर राखून झाकून ठेवते आणि मेमध्ये चाळून मगच वापरते. कोकणात नारळ असलेल्यांनी शेणाचा खड्डा अधिकच जपावा, कारण नारळावरचा गेंड्या भुंगाही त्याच खड्ड्यात वाढतो.

मातीत चुना किंवा चुलीतली राख घालावी का?

कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, म्हणून तिथे वर्षातून एकदा वाफ्यावर दोन-तीन मुठी लाकडाची राख भुरभुरली तर उपयोग होतो. देशावरच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडीचे प्रमाण जास्त असते. तिथे राख घातल्याने लोह आणि जस्त झाडाला आणखी दुर्मीळ होतात. आजीच्या बागेत राख घालत असत म्हणून सर्वत्र घालावी, असे नाही. शंका असेल तर माती कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना न्यावा.

असे वाफे गच्चीवर करता येतील का?

आहे तसे नाही. एक फूट जाडीची ओली माती दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते. इमारतींवरील भाराच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, वावरता येणाऱ्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, एवढाच वापर-भार धरलेला असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की प्रश्नाचे उत्तर मिळते. गच्चीवर कोकोपीट व कंपोस्टचे हलके मिश्रण, सहा-आठ इंच खोलीचे ट्रे आणि तेही तुळयांच्या वर, असे करावे आणि त्याआधी इमारतीची रचना जाणणाऱ्या अभियंत्याला विचारावे. जलरोधक थराचा प्रश्न वेगळाच आहे. हे पान जमिनीवरच्या वाफ्यांपुरते मर्यादित आहे.

कोणत्या महिन्यात काय लावावे?

पावसाळा वेलांचा. काकडी, दोडका (आमच्याकडे शिराळे), पडवळ, कारले, भोपळा यांचे बी मेच्या अखेरीस पिशव्यांत किंवा मृग लागताच थेट वाफ्याच्या कडेला टोकावे आणि मांडव आधीच उभा करून ठेवावा, कारण पाऊस लागला की खांब रोवायला उसंत मिळत नाही. भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, अंबाडी याच काळात येतात. वाफ्यांच्या मधल्या ओलसर चरीत अळू लावावे. हे सगळे गणपतीपर्यंत हाताशी येते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे न खाता परसात हाताने पिकवलेले खाण्याची आपली रीत आहे, आणि त्या दिवशीच्या भाजीत अळू, लाल माठ, पडवळ, शिराळे, भोपळा, भेंडी असे सर्व एकत्र शिजते. ती भाजी पूर्णपणे आपल्या वाफ्यांवरची असावी, हे परसबाग करणाऱ्याला मिळणारे फार मोठे समाधान आहे. कोकणात भर पावसात टोमॅटो लावू नये. करपा रोगाने तो टिकत नाही. मांडवावरच्या वेलांची फुले येऊन फळ धरत नसेल तर संततधारेत मधमाश्या फिरकत नाहीत हे कारण असते. अशा वेळी नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला हाताने लावावेत. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दोडक्याचे संध्याकाळी, त्या वेळा सांभाळाव्या लागतात.

दसरा ते संक्रांत हा सर्वांत सोपा आणि सर्वांत भरघोस काळ. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर यांची रोपे सप्टेंबरच्या मध्यापासून तयार करून ऑक्टोबरच्या शेवटी लावावीत. मुळा, गाजर, बीट, वाटाणा, मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर थेट पेरावी. गाजराला गादीवाफ्याची माती विशेष मानवते. खडे असलेल्या जमिनीत त्याला फाटे फुटतात. नवख्या माणसाने पहिली बाग याच हंगामात करावी, असे मी नेहमी सुचवते.

उन्हाळ्यात भेंडी, गवार, काकडी, तांदुळजा, मायाळू एवढ्यावर समाधान मानावे. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की टोमॅटोची फुले गळतात. मार्चअखेरपासून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी सहा-सात फुटांवर बांधली तर पालेभाज्या एप्रिलभर चालू ठेवता येतात.

पेरलेली कोथिंबीर उगवतच नाही. काय चुकते?

बहुधा अख्खे धणे पेरले जातात. एका धण्यात दोन बिया असतात. चप्पल किंवा लाटणे हलकेच फिरवून ते दोन भागांत फोडावेत, रात्रभर भिजत घालावेत आणि अर्धा इंच खोल पेरावेत. तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि तोवर वरची माती एकदाही वाळता कामा नये. ओले गोणपाट अंथरून ठेवावे आणि पहिला कोंब दिसताच काढावे. मेथी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसते आणि महिन्याभरात उपटायला येते.

रोपे लावण्याच्या भाज्यांत उतावीळपणा नडतो. टोमॅटो आणि वांग्याचे रोप २५ ते ३० दिवसांचे, मिरचीचे ३५ ते ४० दिवसांचे झाल्यावरच हलवावे आणि संध्याकाळी लावावे. वांग्याला दोन फूट, टोमॅटो, मिरची, कोबी यांना दीड फूट अंतर द्यावे. कोवळी रोपे एवढ्या अंतरावर ओकीबोकी दिसतात आणि मधे आणखी चार लावण्याची इच्छा होते. ती जागा मुळ्याला किंवा कांद्याच्या पातीला द्यावी, जी झाडे पसरण्याआधी निघून जाते.

पाणी किती आणि केव्हा द्यावे?

वर सांगितलेल्या दहा फुटी वाफ्याला हिवाळ्यात रोज सरासरी ८ ते १० लिटर आणि कडक उन्हाळ्यात १५ ते २० लिटर पाणी लागते. थंडीत ते एक दिवसाआड दुप्पट करून देणे अधिक चांगले, कारण रोजच्या शिपकाव्याने मुळे वरच्या वर राहतात. देण्याआधी बोट दोन पेरे मातीत खुपसावे. आतली माती मुठीत दाबल्यावर गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटली, तर वाफसा आहे आणि पाणी नको; गोळाच होत नसेल तर द्यावे; बोटांच्या फटीतून पाणी आले तर आधीच जास्त झाले आहे. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे.

उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळका पाला यांचे दोन-तीन इंच आच्छादन केल्यास उन्हाळ्यातले पाणी लक्षणीय कमी लागते. पावसाळ्यात तेच आच्छादन पातळ करावे, नाहीतर खाली गोगलगायी जमतात. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. पावसाळ्यात वाफे उघडे ठेवून तो धुऊन जाऊ द्यावा.

पाने पिवळी पडली तर कोणते खत घालावे?

खत घालण्याआधी कोणती पाने पिवळी पडली ते पाहावे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे. कंपोस्ट किंवा पातळ केलेली शेणाची रबडी द्यावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे, जे काळ्या मातीत अनेकदा होते. पावसाळ्यात सगळेच रोप पिवळे पडून मलूल झाले असेल तर मुळे पाण्यात आहेत. चर खोल करावी आणि काहीही घालू नये. भेंडीच्या पानात फक्त शिरा पिवळ्याधमक दिसत असतील तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू आहे, त्याला औषध नाही, आणि ते झाड त्याच दिवशी उपटून काढणे हाच उपाय. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला परभणी क्रांती हा भेंडीचा वाण या रोगाला पुष्कळ सहनशील म्हणून लोकप्रिय झाला.

रासायनिक औषधे न मारता कीड आवरता येते का?

घरापुरत्या बागेत बहुतेक वेळा येते, मात्र रोज दहा मिनिटे पाने उलटून पाहावी लागतात. मावा आणि पांढरी माशी यांवर निंबोळी अर्क चालतो : ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दोनदा ढवळून दुहेरी फडक्याने गाळावी, थोडा साबणचुरा घालावा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावी. वांग्याचा शेंडा सुकून खाली वळला की आत अळी असते. तो बोटभर खालून कापून नष्ट करावा, कारण तिचीच पुढची पिढी फळात शिरते. काकडी-दोडक्याला फळमाशी डंख मारते आणि फळ वाकडे होऊन सडते. क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर फळमाश्यांना वासाने ओढून घेणारा, सापळा मांडवाखाली टांगावा आणि पडलेली फळे वाफ्यात कुजू न देता बंद पिशवीत भरून उन्हात ठेवावीत.

रोपवाटिकेत कोवळी रोपे जमिनीलगत कोलमडू लागली तर दाट पेरणी आणि जास्त पाणी ही दोन कारणे असतात. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून पेरल्यास हे पुष्कळ टळते.

पावसाळ्यात शंखी गोगलगायी एका रात्रीत रोपे फस्त करतात. काय करावे?

गूळ घातलेल्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी वाफ्यांमधल्या वाटेवर पसरावे. रात्री त्या खाली येऊन बसतात. पहाटे हातमोजे घालून किंवा चिमट्याने त्या वेचाव्यात आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ वाफ्यावर मात्र कधीही टाकू नये. माती खराब होते. सलग दहा-बारा रात्री हे केले तरच संख्या कमी झालेली दिसते आणि शेजाऱ्यांनीही केले तर अधिक.

माकडांचे काय?

याला माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. कोकणात अनेकांनी माकडांमुळेच परसबाग सोडली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे वाईट वाटते. वाफ्यावर बांबूच्या कमानी करून चारही बाजूंनी, वरूनसुद्धा, जाळी बांधणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे. म्हणून मोठी बाग करण्यापेक्षा दोनच वाफे करून ते पूर्ण बंदिस्त करावेत आणि उरलेल्या मोकळ्या जागेत हळद, आले, सुरण, अळू लावावे, ज्यांना ती सहसा हात लावत नाहीत.

त्याच वाफ्यात दरवर्षी तेच पीक घेता येते का?

घेऊ नये. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडे आहेत. यांतले एक निघाले की तिथे दुसरे लावणे म्हणजे तेच पीक पुन्हा घेणे. त्यांच्या जागी पुढच्या हंगामात चवळी, गवार, वाल, वाटाणा अशी शेंगवर्गातली भाजी लावावी आणि तिची मुळे न उपटता जमिनीलगत कापावी, म्हणजे मुळांवरच्या गाठींतला नत्र वाफ्यात राहतो. उपटलेल्या टोमॅटोच्या मुळांवर वेड्यावाकड्या फुगीर गाठी दिसल्या तर त्या मात्र सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या, असतात. अशा वाफ्यात संपूर्ण झेंडू लावावा. जुलैअखेर रोपे लावली तर दसऱ्याच्या तोरणाला फुले मिळतात आणि नंतर झाडे तिथेच मातीत गाडता येतात.

चार माणसांच्या घराला किती वाफे पुरतील?

दहा बाय तीन फुटांच्या चार वाफ्यांवर हिवाळाभर पालेभाजी, मिरची, कोथिंबीर आणि वांगी-टोमॅटो बाजारातून फारसे आणावे लागत नाहीत. कांदा, बटाटा, कोबी यांत एवढी जागा अडकवू नये. पहिल्या वर्षी दोनच वाफे करावेत.

घरचे बी धरता येईल का?

अवश्य धरावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी आपल्या परसापासून सुरुवात करून देशी वाणांचे बी जपले आणि गावोगावच्या महिलांपर्यंत पोचवले. २०२० साठीचा पद्मश्री सन्मान त्यांना या कामासाठी मिळाला. संकरित वाणाचे बी धरल्यास पुढचे झाड आईसारखे येत नाही, म्हणून सुरुवात सरळ किंवा देशी वाणापासून करावी. वाल, चवळी, गवार आणि टोमॅटो यांत परपरागीभवन फारसे होत नाही, त्यामुळे नवख्यांना त्या सोप्या. काकडी-भोपळ्यांची जवळच्या वेलांशी सहज सरमिसळ होते. तिथे उमलायच्या आदल्या संध्याकाळी नर आणि मादी दोन्ही कळ्यांना दोरा बांधून सकाळी हाताने परागीभवन करावे लागते.

भेंडीसाठी मी झाडावरची दुसरी किंवा तिसरी भेंडी राखते आणि तिला लाल दोरा बांधते, म्हणजे घरातले कोणी चुकून खुडत नाही. ती झाडावरच वाळून शिरांवर तडकू लागली की काढते, दाणे सोलून दोन दिवस कोवळ्या उन्हात आणि चार दिवस सावलीत वाळवते, चाळलेल्या राखेत घोळून काचेच्या बरणीत भरते आणि झाकणावर भाजीचे नाव, वर्ष आणि ज्या घरातून पहिले बी आले त्या घराचे नाव लिहिते. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सहा दिवसांत सातापेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर प्रत्येक ठिकाणी दोनऐवजी तीन दाणे टोकावेत.